सतरा महिन्यांचे वर्ष : इचलकरंजीच्या मागांचा हिशेब कोण ठेवतो?

माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. इचलकरंजीतल्या एका चोवीस मागांच्या कारखान्याची. कारखाना विकला गेला, माग भंगारात गेले, तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यातून मालकांनी ती काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुम्हाला असलं काहीतरी लागतंय म्हणं." पहिल्या पानावर 'श्री', स्वस्तिक, हळदीकुंकवाची बोटे आणि पाडव्याची तिथी. महिना ऑक्टोबर, सन १९८७. अशा वह्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. या वहीचे वेगळेपण पुढे आहे. ती पुढच्या दिवाळीला बंद होत नाही. १९८८ च्या लक्ष्मीपूजनाच्या पानावर पुन्हा हळदीकुंकू आहे, एक वाळलेले झेंडूचे फूल आहे, पण मेळ घातलेला नाही, बाकी पुढे ओढलेली नाही. हिशेब तसाच चालू राहतो आणि थांबतो तो ३१ मार्च १९८९ ला. सतरा महिन्यांहून जास्त लांबीचे वर्ष.

आधी मला वाटले, दिवाणजी आजारी पडले असतील, नाहीतर मालक भावांत वाटणीचा वाद असेल. खरे कारण सरकारी होते. १९६१ च्या आयकर कायद्याने व्यापाऱ्याला आपले हिशेबी वर्ष निवडण्याची मुभा दिली होती. कोणी दिवाळी ते दिवाळी ठेवी, कोणी रामनवमीपासून, कोणी एप्रिलपासून. १९८७ च्या दुरुस्ती कायद्याने ही मुभा संपली आणि १९८९-९० या आकारणी वर्षापासून सर्वांसाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच वर्ष ठरले. ज्यांचे वर्ष १९८७ च्या दिवाळीला संपले होते, त्यांना पुढचे वर्ष ताणून मार्च १९८९ पर्यंत न्यावे लागले. या वहीच्या दिवाणजींनी तेच केले. पूजा मात्र त्यांनी दिवाळीलाच केली.

तेव्हापासून इचलकरंजीत वर्षे दोन झाली. आयकराचे वर्ष मार्चला संपते. सुताचा, मजुरीचा, उचलीचा हिशेब आजही पुष्कळ ठिकाणी दिवाळीला बसतो. या दोन वर्षांच्या मधल्या जागेत छोट्या कारखानदाराचे काय होते, हा माझ्या कुतूहलाचा विषय. मी कॉमर्सचा पदवीधर नाही. विशीत सहा वर्षे एका कारखान्यात दिवाणजीच्या हाताखाली होतो, एवढीच या विषयातली माझी पात्रता. पुढचे वाचून, विचारून आणि लोकांच्या दुकानात बसून जमवलेले आहे.

*

पंचगंगेकाठच्या या गावात पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, असे सर्वत्र नोंदलेले आहे. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी उद्योगाला आश्रय दिला. हातमागाचे गाव यंत्रमागाचे शहर झाले, 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' ही पदवी मिळाली, आणि २०२२ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. इतिहास एवढा पुरे. हिशेबाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे की इथला धंदा मोठ्या गिरणीत एकवटलेला नाही. सूत एकाचे, त्याला खळ लावणारे सायझिंग दुसऱ्याचे, माग तिसऱ्याचे, कापडाची पेढी चौथ्याची. मागवाल्यांतही दोन जाती. स्वतः सूत विकत घेऊन कापड विणणारा आणि विकणारा तो स्वतंत्र विणकर. व्यापाऱ्याचे सूत घेऊन फक्त मजुरीवर विणून देणारा तो 'खर्चीवाला'. खर्चीवाल्याच्या कारखान्यात लाखो रुपयांचा माल येतो-जातो. त्यातले त्याचे काहीच नसते. त्याचे असते ते मागाचे चालणे आणि विजेचे बिल.

या कारखान्यात एका कोपऱ्यात फळीचे टेबल, वर पंखा, भिंतीवर दत्ताची तसबीर आणि मागांच्या खडखडाटातही मान वर न करता लिहिणारा एक माणूस असतो. तो दिवाणजी. संस्थानी काळाचा हा शब्द इतर गावांतून गेला, इथे कारखान्यात टिकला. कामगारांच्या यादीतही तो असतो : मागवाला, जॉबर, कांडीवाली, वहिफणीवाला, दिवाणजी. (ज्यातून उभे सूत ओवतात तिलाही इथे वहीच म्हणतात. एका वहीतून सूत जाते, दुसऱ्या वहीत त्याचा हिशेब जातो.)

बाहेरच्याला वाटते, दिवाणजी म्हणजे पैशांचा हिशेबनीस. पैसे हा त्याच्या कामाचा सोपा भाग. कठीण भाग सुताचा. माझे गुरू, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "मीटर मालक बी मोजतोय, व्यापारी बी मोजतोय. सुताचं वजन आपुन बघायचं."

ते वजन कसे बघतात, हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्याला 'पिक' म्हणतात. समजा पॉपलीन आहे, ५२ पिकाचे, ५० इंच पन्ह्याचे. एका मीटरमध्ये साधारण ३९.३७ इंच, म्हणजे २,०४७ आडवे धागे. प्रत्येक धागा ५० इंच, म्हणजे १.२७ मीटर लांब. गुणाकार केला तर एका मीटर कापडात २,६०० मीटर आडवे सूत जाते. अडीच किलोमीटरहून जास्त. आता सुताचा काउंट चाळीस असेल तर त्याचा अर्थ असा की ८४० वारांच्या चाळीस लडी एका पौंडात बसतात. किलोत आणि मीटरमध्ये मांडले तर किलोला सुमारे ६७,७०० मीटर सूत. म्हणून एका मीटर कापडाला आडवे सूत लागते ३८.४ ग्रॅम. व्यापाऱ्याने ५०० किलो बाणा पाठवला, तर त्याला सुमारे १३,००० मीटर कापड परत मिळायला हवे, ठरलेली घट वजा जाता. उभ्या सुताचा हिशेब निराळा. सायझिंगमध्ये खळ बसून त्याचे वजन वाढते, म्हणून ते लांबीवर धरायचे, बीमच्या मीटरांवर.

हे गणित आप्पा तोंडी करत. माझ्या समोर घडलेला एक प्रसंग. व्यापाऱ्याच्या मुनिमाने सूत अठरा किलो कमी भरले म्हणून मजुरी अडवली. शब्द उच्चारला नाही, पण अर्थ चोरी असाच होता. मालक लाल झाले. आप्पा काही बोलले नाहीत. खिशातून पिक मोजायचे भिंग काढले, ताग्यावर ठेवले आणि सुईने धागे मोजू लागले. चोपन्न. दुसरा तागा, चोपन्न. जॉबरने बीम बदलताना पिकाचे चाक चुकीचे लावले होते. ५४ पिकाला मीटरमागे सूत लागते जवळजवळ ४० ग्रॅम. ५०० किलोत कापड ४८० मीटरने कमी पडते, आणि ४८० मीटरचे सूत ५२ पिकाच्या हिशेबाने होते अठरा किलोच्या वर. सूत कुठे गेले नव्हते, कापडातच होते. व्यापाऱ्याला तर ठरल्यापेक्षा दाट कापड मिळाले होते. दोन जादा पिकांची मजुरी त्याने अर्थातच दिली नाही, पण अडवलेली रक्कम सुटली.

या हिशेबाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात जागा नाही. डबल एन्ट्रीची पुस्तके पैशांत बोलतात. कारखान्याची वही किलोत, मीटरमध्ये, ताग्यांत आणि पैशांत एकाच वेळी बोलते. आणखी एक घोटाळा होता. आपल्या खतावणीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. कॉलेजात शिकवतात त्या लेजरमध्ये नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे. कॉमर्स शिकून आलेली पोरे पहिला महिना उलटी खतावणी करत, आणि दिवाणजी मंडळी त्यांच्यावर मनसोक्त हसत. मीही हसलो आहे. आता ती पोरे हसतात.

*

इथे कोणालाही प्रश्न पडेल : एवढ्या मोठ्या कापडाच्या शहरात सरकारी करांचे कागद कोण लिहीत होते? उत्तर आहे, फारसे कोणी नाही, कारण लिहावेच लागत नव्हते. १९५७ मध्ये केंद्राने कापड, साखर आणि तंबाखू यांवरच्या राज्यांच्या विक्रीकराच्या जागी जादा उत्पादन शुल्काची व्यवस्था आणली. कापडावरचा विक्रीकर गेला. शुल्क गोळा होई ते मुख्यतः गिरण्या आणि प्रक्रिया करणाऱ्यांकडून. साध्या यंत्रमागाचे कोरे कापड बहुतेक काळ त्याबाहेर राहिले. २००३ च्या अर्थसंकल्पाने यंत्रमागाला सेनव्हॅटच्या साखळीत ओढले, देशभर ओरड झाली, आणि २००४ मध्ये ते ऐच्छिक झाले. राज्यात व्हॅट २००५ मध्ये आला. त्याचाही मागवाल्याला विशेष जाच झाला नाही.

आयकर होताच. पण खर्चीवाल्याची उलाढाल मजुरीपुरती, त्यामुळे वर्षातून एकदा कर सल्लागाराकडे जायचे, वहीतले चार आकडे सांगायचे, तो विवरणपत्र भरी. १९८४ मध्ये ४० लाखांवरच्या उलाढालीला हिशेब तपासणी सक्तीची झाली, तेव्हा मोठे विणकर आणि पेढ्या सनदी लेखापालांकडे गेल्या. खर्चीवाला खालीच राहिला. पुढे अनुमानित नफ्याचे ४४ एडी हे कलम आताच्या रूपात आले. उलाढालीच्या आठ टक्के, आणि पैसे बँकेतून आले असतील तर सहा टक्के नफा दाखवला की वह्या ठेवण्याचीही सक्ती नाही. आज ही सवलत २ कोटींपर्यंत आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ३ कोटींपर्यंत आहे.

मला या कलमाविषयी दुहेरी वाटते. सोय मोठी आहे, हे खरे. पण वही न ठेवण्याची सवय कायद्याच्या आशीर्वादाने लागली. ज्याला आपला नफा सहा टक्के आहे की उणे चार टक्के आहे हे ठाऊक नाही, तो दरवर्षी सहा टक्के लिहून देतो आणि त्यालाच हिशेब समजतो. माग विकायची वेळ येते तेव्हा त्याला कळते, की गेली चार वर्षे तो मागाची झीज खात होता. घसारा हा शब्द त्याने ऐकलेला असतो, वहीत कधी पाहिलेला नसतो.

मग १ जुलै २०१७ आला. वस्तू व सेवा कराने साठ वर्षांची कापडाची मोकळीक एका रात्रीत संपवली. सुतावर कर, कापडावर कर आणि मजुरीवरही पाच टक्के कर. दिवाणजीच्या फळीवर पहिल्यांदा असे शब्द आले जे त्याला तोंडी करता येत नव्हते : इनपुट क्रेडिट, एचएसएन कोड, पोर्टल, ओटीपी. कृत्रिम धाग्यांवर जास्त आणि कापडावर कमी, असा उलटा दर होता. साचलेल्या क्रेडिटचा परतावा कापडाला १ ऑगस्ट २०१८ पासून मिळू लागला, आणि त्याआधीचे साचलेले क्रेडिट रद्द ठरवले गेले. गुजरात उच्च न्यायालयाने पुढे ते रद्द करणे चुकीचे ठरवले. दरांतली ती तफावत २२ सप्टेंबर २०२५ पासून मिटली, सुतासही पाच टक्के झाले. हा स्वतंत्र विणकराचा विषय. मला खर्चीवाल्याकडे परत जायचे आहे.

खर्चीवाल्याची मजुरी ही कायद्याच्या दृष्टीने सेवा आहे, वस्तू नव्हे. वस्तूंच्या पुरवठादाराला नोंदणीची मर्यादा २०१९ पासून ४० लाख झाली. सेवेची २० लाखच राहिली. आता चोवीस मागांचा कारखाना घ्या. दोन पाळ्यांत मागाला रोज ७५ मीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे ४५,००० मीटर. मजुरीचा दर पिकावर ठरतो. समजा पिकाला सहा पैसे. ५२ गुणिले सहा, मीटरला ३ रुपये १२ पैसे. महिन्याची मजुरी १,४०,४००, वर्षाची १६ लाख ८५ हजारांच्या आत. नोंदणीची गरज नाही. आता दर साडेसात पैसे झाला, ज्याच्यासाठी संघटना मोर्चे काढतात. मीटरला ३ रुपये ९० पैसे, वर्षाला २१ लाख ६ हजार. नोंदणी आली. सात पैशांच्या थोडे वर कुठेतरी ही रेषा आहे. दीड पैसा वाढला आणि माणूस एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात गेला. मालकाला ते कळत नाही, दिवाणजीलाही नाही, कारण दोघांसाठी मीटर तेवढेच, माग तेवढेच.

नोंदणी झाली की पुढे काय? साडेसात पैशांच्या दराने महिन्याचे बिल १,७५,५००, त्यावर कर ८,७७५. कर बिलावर लागतो, पैसे मिळण्यावर नव्हे. व्यापारी तीन महिन्यांनी पैसे देत असेल, तर खर्चीवाल्याने व्यापाऱ्याच्या वतीने २६,३२५ रुपये सरकारात भरून ठेवलेले असतात. मोठ्या कंपनीला ही रक्कम दिसणारही नाही. इथे ती कामगारांच्या आठवड्याच्या पगारातून जाते. त्यातही त्याच्या खर्चाचे दोन मोठे खांब म्हणजे मजुरी आणि वीज. कामगाराच्या पगारावर जीएसटी नाही, वीज करमुक्त आहे. म्हणून या दोन्हींतून वजावटीला काही मिळत नाही. मागाचे सुटे भाग, तेल, दुरुस्ती यांतून मिळेल तेवढेच.

वीज म्हटल्यावर आणखी एक रेषा सांगितली पाहिजे. राज्याच्या वीज सवलतीत २७ अश्वशक्तीच्या खालचा यंत्रमाग आणि वरचा, असा भेद आहे. त्यामुळे एका छपराखाली दोन मीटर, दोन नावे, आणि अर्थात दोन वह्या. एक दादांच्या नावाने, एक वहिनींच्या. नोंदणीची मर्यादाही अशीच वाटून घेता येते, असे पुष्कळांना वाटते. काही घरांत हा विभाग खरा असतो. भाऊ खरोखर वेगळे झालेले असतात. काही घरांत तो फक्त कागदावर असतो, आणि बीम या नावाने येतो, तागा त्या नावाने जातो. अशा ठिकाणी दिवाणजीची सुताची वही एकच असते, कारण सूत नावे ओळखत नाही. पुढे तपासणी आली की तीच वही अडचणीची ठरते. मग एका रात्रीत ती 'हरवते'. वही जपणारा माणूस म्हणून मला याचे वाईट वाटते, मालक म्हणून मीही काय केले असते, सांगता येत नाही.

सरकारने काहीच समजून घेतले नाही, असेही नाही. ई-वे बिल आले तेव्हा सायझिंगपासून कारखान्यापर्यंत टेम्पोतून जाणाऱ्या प्रत्येक बीमला बिल काढायचे, तर शहर ठप्प झाले असते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये सूत, कापड वगैरे मजुरीच्या कामासाठी ५० किलोमीटरच्या आत नेताना ई-वे बिलातून सूट मिळाली. ज्याने ही अधिसूचना लिहिली, त्याने कधीतरी असा टेम्पो पाहिला असावा.

*

२०१७ नंतर कारखान्याच्या हिशेबाचे वजन दिवाणजीकडून कर सल्लागाराच्या कार्यालयाकडे सरकले. हे कार्यालय बहुतेक वेळा एका खोलीचे. बाहेर बाकावर चार खर्चीवाले प्लास्टिकच्या पिशवीत बिले घेऊन बसलेले. आत तीन संगणक, त्यांवर टॅली. (हे सॉफ्टवेअर १९८६ मध्ये बंगळुरूत श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचे चिरंजीव भरत यांनी सुरू केलेल्या कंपनीचे. त्यांचाही मूळ प्रश्न छोट्या व्यापाऱ्याचा हिशेब हाच होता.) संगणकावर बी.कॉम. झालेल्या मुली. पोर्टल त्यांना पाठ असते. एकेकीकडे साठ-सत्तर फायली. पिशवी उलटी करून बिले लावायची, आकडे चढवायचे, वीस-पंचवीस तारखेच्या आत विवरणपत्र पाठवायचे. २०२१ पासून ५ कोटींच्या आतल्यांना तिमाही विवरणपत्राची सोय झाली, तेव्हा थोडा श्वास मिळाला. कर मात्र महिन्यालाच.

या मुलींना पिक म्हणजे काय ते ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्यांच्याकडे येते ते बिल. बिलात मीटर, दर, रक्कम, कर. सुताचे वजन, घट, परत गेलेली कांडी, जादा पिक, यांतले काही तिथे पोहोचत नाही. दिवाणजीला कापड कळते आणि पोर्टल कळत नाही. कार्यालयाला पोर्टल कळते आणि कापड कळत नाही. मधला माणूस नाही. माझ्या मते या शहरातल्या लेखासेवेचे सगळे दुखणे या रिकाम्या खुर्चीत आहे.

त्या खुर्चीची किंमत काय असते, याचे एक उदाहरण मला जवळून पाहायला मिळाले. माझ्या नात्यातल्या एका खर्चीवाल्याची फाईल ज्या कार्यालयात होती, तिथली मुलगी लग्न होऊन गेली. नव्या मुलीला फाईल सापडली नाही. विवरणपत्रे थांबली. कार्यालयातून कोणी कळवले नाही, आणि यांनी विचारले नाही, कारण दर महिन्याला फी जात होती. पोर्टलवर नोटीस आली, पण नोंदलेला मोबाइल क्रमांक कार्यालयाचा होता. नोंदणी रद्द झाली. व्यापाऱ्याला त्यांच्या बिलाचे क्रेडिट मिळेना, म्हणून त्याने सूत देणे बंद केले. दिवाळीच्या तोंडावर चोवीस माग तीन आठवडे उभे होते. नोंदणी पुन्हा चालू करून घ्यायला दंड आणि विलंब शुल्क भरावे लागले, ते भरले. उभ्या मागांचे कोणी भरले नाही. दिवाणजी या सगळ्या काळात रोज येऊन टेबलाशी बसत आणि रिकाम्या रकान्यांवर तारीख टाकून जात.

उलटही घडते. कायदा बाजूने आला, तरी वही नसेल तर तो हाताला लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचा २००६ चा कायदा म्हणतो, की लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्या. नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अठरा वर्षे हे कलम कागदावर होते, कारण व्यापाऱ्यावर दावा लावून त्याच्याकडूनच पुढचे सूत घ्यायचे कसे? मग आयकर कायद्यात ४३ बी मध्ये 'एच' हे उपकलम आले. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ते लागू झाले. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळेल. म्हणजे उधारीवर कर.

मार्च २०२४ मध्ये देशभरच्या कापडपेठांत याची धास्ती होती. ज्यांनी वर्षानुवर्षे नव्वद दिवस घेतले, त्यांच्या पेढ्यांवरून खर्चीवाल्यांना फोन येऊ लागले : "तुमचं उद्यम सर्टिफिकेट आहे का?" प्रश्न साधा वाटतो. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्याला पैसे आधी द्यावे लागणार, म्हणून काही व्यापारी नेमके नसलेल्याकडे काम वळवू लागले. काहींनी प्रमाणपत्र रद्द करून घ्या, असेही सुचवले. माझ्या नात्यातल्या त्या गृहस्थांनी मला विचारले, "काय करू?" मी म्हटले, तुमच्याकडे बिलांवर माल पोचल्याची तारीख आहे का? तीच नव्हती. मुदत मोजायची ती माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून. ती तारीख असते चलनावर, व्यापाऱ्याच्या माणसाच्या सहीने. चलने दिवाणजीकडे होती, खिळ्याला टोचून ठेवलेली. कार्यालयात गेली होती ती फक्त महिन्याअखेरची एकत्र बिले. आम्ही दोन संध्याकाळी बसून खिळ्यावरची चलने सोडवली, तारखा लावल्या. त्यांचे पैसे त्या मार्चमध्ये आले. पूर्ण नाही, पण आले.

खिळ्यावरच्या त्या कागदांना बँकेतही किंमत आहे, हे मालकांना उशिरा कळते. आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९९९ मध्ये आली, मुद्रा कर्जे २०१५ पासून मिळू लागली, साध्या मागांच्या जागी शटल नसलेले माग आणायचे तर कर्ज हवेच. बँक तीन वर्षांचे ताळेबंद मागते. सहा टक्के नफ्याची तीन विवरणपत्रे दिली, की अधिकारी विचारतो, एवढ्या नफ्यावर हप्ता कसा भरणार? तेव्हा मालक खासगीत सांगतो, "खरं उत्पन्न जास्त आहे हो." हे वाक्य बँकेच्या कोणत्याही नमुन्यात बसत नाही. मग कर्ज मिळते ते ओळखीच्या पतसंस्थेत, नाहीतर व्यापाऱ्याकडून उचल म्हणून. आणि ज्याची उचल आहे त्याच्याशी दीड पैशासाठी भांडता येत नाही. दराचा मोर्चा निघतो तेव्हा मागे कोण राहिले ते पाहा, आणि त्यांच्या वहीत नावे कोणाची किती बाकी आहे, तेही पाहा.

*

आताशा एक नवी गोष्ट दिसते आहे. कार्यालयात चार-पाच वर्षे काढलेल्या काही मुली स्वतंत्रपणे कारखान्यांत जाऊन हिशेब लिहू लागल्या आहेत. स्कूटीवर लॅपटॉप, आठवड्यातून एकेका कारखान्यात अर्धा दिवस. मी अशा एकीला दिवाणजीच्या शेजारी बसलेली पाहिली. ती विचारत होती, "काका, हे घट म्हणून जे लिहिलंय ते कशात टाकायचं?" दिवाणजी म्हणाले, "कशात म्हंजे? घटीत." टॅलीत मजुरीसाठी आलेल्या-गेलेल्या मालाची, किलो आणि मीटर अशा दोन मापांची सोय आहे. वापरणारे मी फार थोडे पाहिले. त्या मुलीने घटीचे वेगळे खाते उघडले, दिवाणजींकडून ३८.४ ग्रॅमचा हिशेब समजून घेतला आणि तो वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला. काकांनी तो दोनदा तपासला. दुसऱ्यांदा तपासताना त्यांनी तिला भिंग दिले आणि ताग्याकडे बोट दाखवले.

माझ्याकडच्या त्या लाल वहीच्या शेवटच्या पानावर, ३१ मार्च १९८९ या तारखेखाली, रोख शिल्लक आहे, कामगारांच्या उचलीची यादी आहे आणि त्याखाली व्यापाऱ्याच्या सुताची बाकी आहे : बाणा ११ किलो ४०० ग्रॅम, जमा. पैशांचा मेळ तिथेच बंद केला आहे, दोन रेघा मारून. सुताच्या बाकीखाली रेघ नाही. बाजूला बारीक अक्षरात लिहिले आहे, "पुढे दिवाळीला बघणे."